फेस, सिझर आणि स्टँड: चुकीचा ऐकलेला शब्द बरोबर का वाटतो

थ्री फेज लाईनला 'थ्री फेस' म्हणणारी माणसं तुमच्या ओळखीत नक्की असतील, कदाचित तुम्ही स्वतःही तसंच म्हणत असाल आणि त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंही नसेल. वाटायचं कारणच नाही. तीन वायरी येतात, म्हणजे विजेची तीन तोंडं, म्हणून थ्री फेस. अर्थ लागला, विषय मिटला. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, की वायरमन टेस्टर लावून सांगतो "एक फेस गायब आहे", आणि खरोखरच एक गायब असतो.

मला अशा शब्दांचं फार कौतुक आहे. हे नुसते उच्चार बदललेले शब्द नाहीत हं. स्टेशनचं ठेसन होतं, ऑपरेशनचं अप्रेशन होतं, तिथे जिभेने आपली सोय बघितली एवढंच, ठेसन म्हटल्याने स्टेशनबद्दल काही नवीन कळत नाही. फेसचं तसं नाही. तिथे ऐकणाऱ्याने एक अनोळखी आवाज घेतला, आपल्याला माहीत असलेला जवळचा शब्द शोधला आणि तो समोरच्या वस्तूला लावून बघितला, तो बसला. म्हणजे चुकीचा शब्द असला तरी त्याच्यामागे विचार आहे, आणि हा लेख मी त्या विचारासाठीच लिहितेय, कारण आपण शब्दाची चूक लगेच पकडतो पण तो विचार मात्र कोणी विचारत नाही.

भाषाशास्त्रात या प्रकाराला नाव मिळालं ते अगदी अलीकडे, 2003 मध्ये. ओकच्या झाडाच्या फळाला इंग्रजीत एकॉर्न म्हणतात. एक बाई तो शब्द 'एग कॉर्न' असा लिहायच्या, म्हणजे अंड्यासारखा दाणा. ते फळ बघितलंत तर खरंच अंड्याच्या आकाराचं आहे आणि बी आहे म्हणजे दाणाच झाला, त्यामुळे बाईंचं काय चुकलं असंच वाटतं. मार्क लिबरमन या भाषाशास्त्रज्ञाने विचारलं की अशा चुकीला म्हणायचं काय, तर जेफ्री पुलम या दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञाने सुचवलं की एगकॉर्नच म्हणा. तेच नाव पडलं, पुढे 2010 मध्ये ऑक्सफर्डच्या आणि 2015 मध्ये मेरियम-वेबस्टरच्या डिक्शनरीतही गेलं. मराठीत याला रुळलेला शब्द नाही, म्हणून मीही एगकॉर्नच म्हणते.

आता गंमत अशी की ज्याला आपण बरोबर शब्द म्हणतोय तो एकॉर्नसुद्धा तसाच बनलेला आहे. जुन्या इंग्रजीत तो 'अ‍ॅकर्न' असा काहीतरी होता आणि त्याचा कॉर्नशी म्हणजे दाण्याशी काही संबंध नव्हता. लोकांना शेवटी कॉर्न ऐकू आलं, अर्थ पटला, स्पेलिंग बदललं. म्हणजे बाईंनी जी चूक केली तीच चूक काहीशे वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून केली होती, आणि सगळ्यांनी केली म्हणून तो शब्द झाला. सगळ्या समाजाने मिळून केलेल्या या बदलाला लोकव्युत्पत्ती म्हणतात, एर्न्स्ट फ्योर्स्टेमान या जर्मन अभ्यासकाने 1852 मध्ये त्यावर पहिल्यांदा नीट लिहिलं. एकट्याने केली तर चूक, सगळ्यांनी केली तर भाषा, फरक एवढाच आहे.

आपल्याकडेही हे जुनंच आहे. सैन्यात नवीन भरती झालेला रिक्रूट, त्याचं रंगरूट झालं, रिक्रूटमध्ये रंग कुठून आला सांगा. हिंदीतलं लालटेन बघा, लँटर्नमध्ये लाल कुठेच नव्हता, पण आत लालसर ज्योत दिसते म्हटल्यावर लाल तिथे शोभून दिसला. युरोपातही तेच. टांगायच्या झोळीसाठी स्पॅनिश लोकांनी कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडून 'हमाका' हा शब्द उचलला, तो डच लोकांपर्यंत गेला तेव्हा त्यांनी त्याचं 'हांगमाट' केलं, म्हणजे टांगलेली चटई, आणि जर्मनमध्ये तर हेंगेमाटे हाच आजचा रीतसर शब्द आहे. उलटही होतं. रॉकेल हा शब्द रॉक ऑइलचा, म्हणजे दगडातलं तेल. पेट्रोलियमचाही लॅटिनमध्ये अगदी तोच अर्थ, पेट्रा म्हणजे खडक आणि ओलियम म्हणजे तेल. आपण रॉकेल म्हणताना तो दगड पार विसरून गेलो. काही शब्द भाषा बदलताना अर्थ हरवतात आणि काहींना नवीन अर्थ मिळतो, एगकॉर्न हे दुसऱ्या जातीचे.

पण मुळात चुकीचं ऐकू येतंच कसं? आपल्याला वाटतं की बोलणारा शब्द टाकतो आणि मधे जरा जागा सोडतो, जशी लिहिताना सोडतो. अजिबात सोडत नाही. बोलणं रेकॉर्ड करून त्याचा आलेख काढला तर शब्दांच्या मधे सहसा शांतता सापडत नाही, उलट एखाद्या शब्दाच्या पोटातच, क्त किंवा प्त म्हणताना तोंड बंद होतं तिथे, शांतता सापडते. शब्द तोडायचं काम कानाचं नाही, मेंदूचं आहे. 'ती नाणी' आणि 'तीन आणि' हे दोन्ही एकदा भरभर म्हणून बघा. आवाज जवळजवळ एकच. समोर पैशाचा विषय चालू असेल तर नाणी ऐकू येतील, बेरीज चालू असेल तर तीन आणि, आणि ऐकणाऱ्याला आपण काही निवडलं हे कळणारही नाही.

यावरचे दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. रिचर्ड वॉरन यांनी 1970 मध्ये एक वाक्य रेकॉर्ड केलं, त्यातल्या 'लेजिस्लेचर्स' या शब्दातला एक आवाज कापून टाकला आणि त्या जागी खोकला टाकला. ऐकणाऱ्यांना पूर्ण शब्द ऐकू आला, काही गेलंय हे कळलंच नाही, आणि खोकला नेमका कुठे आला तेही नीट सांगता येईना. मग आणखी पुढे जाऊन असं केलं की शब्दाचा पहिला आवाजच काढला, नुसतं खोकला आणि 'ईल' ठेवलं. वाक्यात नंतर गाडीचा आस आला तर लोकांना 'व्हील' म्हणजे चाक ऐकू आलं, बूट आला तर 'हील' म्हणजे टाच, संत्रं आलं तर 'पील' म्हणजे साल. लक्षात घ्या, तो शब्द वाक्यात नंतर येतो! म्हणजे मेंदू थांबतो, पुढचं ऐकतो आणि मागची भोकं बुजवतो, आणि आपल्याला वाटतं की आपण हे सरळ ऐकलं.

दुसरा प्रयोग विल्यम गॅनॉंग यांचा, 1980 चा. क आणि ग यांच्या बरोबर मधला, धड क नाही धड ग नाही असा आवाज तयार केला. तोच आवाज 'इस'च्या आधी लावला तर लोक 'किस' ऐकतात आणि 'इफ्ट'च्या आधी लावला तर 'गिफ्ट'. कारण गिस आणि किफ्ट असे शब्दच नाहीत. आवाज धूसर असला की मेंदू माहीत असलेल्या शब्दाकडे झुकतो.

आता हे टेक्निकल शब्दांना लावून बघा म्हणजे सगळं जुळतं. टेक्निकल शब्द बहुतेक वेळा आपल्याला माहीतच नसतो. तो ग्रीक किंवा लॅटिनमधून आलेला असतो, नाहीतर कोणाचं तरी आडनाव असतं. तो आपण पहिल्यांदा ऐकतो, वाचत नाही. आणि ऐकतो तेही कधी, तर मशीन बंद पडलंय किंवा घरातलं माणूस आजारी आहे, समोरचा घाईत आहे आणि आपण घाबरलेले आहोत. अशा वेळी मेंदू माहीत असलेल्या शब्दाकडे झुकणार नाही तर काय करेल. इंग्रजी बोलणारेही अगदी हेच करतात, अल्झायमर्सला 'ओल्ड टायमर्स' म्हणतात कारण तो म्हातारपणी होतो, पायाच्या फुगलेल्या व्हेरिकोज व्हेन्सना 'व्हेरी क्लोज व्हेन्स' म्हणतात कारण त्या कातडीच्या अगदी जवळ दिसतात, अल्ट्राव्हायोलेट किरणांना 'अल्ट्राव्हायलंट' म्हणतात कारण ते त्रास देतात. इंग्रजी येत नाही म्हणून हे होतं असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो सोडून द्यावा.

मला स्वतःला यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्याकडचं वाटतं, सिझर. "तिचं सिझर झालं", "सिझरिंग करावं लागलं" हे आपण सगळेच बोलतो. मूळ शब्द सिझेरियन. मी कितीतरी बायकांना विचारलंय की सिझर म्हणजे काय, आणि बऱ्याच जणींनी सरळ सांगितलं, सीझर म्हणजे कात्री, कात्रीने कापून बाळ काढतात म्हणून सिझर. शिकलेली माणसं यावर हसतात आणि सांगतात की नाही नाही, ज्युलियस सीझर तसा जन्माला आला म्हणून ते नाव. पण ही गोष्टच टिकत नाही! त्या काळी रोममध्ये हे ऑपरेशन आई मेलेली असेल किंवा मरत असेल तेव्हाच व्हायचं, आणि सीझरची आई ऑरेलिया तो मोठा होईपर्यंत चांगली जिवंत होती. या शब्दामागे लॅटिनमधलं कापणे या अर्थाचं क्रियापद असावं असं अभ्यासक मानतात, केडेरे. आणि इंग्रजीतला सीझर्स, म्हणजे कात्री, तो कुठून आला? त्याच केडेरेपासून. म्हणजे कात्री म्हणणाऱ्या बायका मुळाशी जाऊन पोचल्या आणि ज्युलियस सीझरची गोष्ट सांगणारे बाजूला राहिले. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते.

नेहमी असं छान जुळत नाही हेही खरं. चुकीच्या शब्दाबरोबर एक छोटी समजूत येते, आणि समजूत ही पुढे कामाला लागते. चिकनगुनियाचं बघा. तो शब्द मूळचा मकोंडे भाषेतला, 1952 मध्ये आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात साथ आली तेव्हा तिथल्या लोकांनी दिलेला, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा', कारण सांधेदुखीने माणूस वाकून जातो. इतकं नेमकं नाव! आपल्याकडे 2006 मध्ये मोठी साथ आली आणि आपल्या कानाला त्यात चिकन ऐकू आलं. चिकन खाल्ल्याने होतो असा समज पसरला. रोग पसरवतो एडिस डास, तो वाढतो घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात, आणि ज्याने चिकन सोडलं त्याला वाटलं आपण काळजी घेतली, पिंप तसंच उघडं. इथे शब्द दुरुस्त करायलाच हवा, आणि तो करताना मूळ अर्थ सांगितला तर लक्षात राहतो, नुसतं "चिकनचा संबंध नाही" म्हटलं तर राहत नाही.

प्लास्टिक सर्जरीचं थोडं वेगळं, तिथे शब्द बरोबर ऐकलाय पण अर्थ भलता लागलाय. शरीरात प्लास्टिक बसवतात असं बऱ्याच जणांना वाटतं. ग्रीकमध्ये प्लास्टिकोस म्हणजे आकार देण्याजोगं, घडवण्यासंबंधीचं. एडुआर्ड त्साइस या जर्मन सर्जनने प्लास्टिक सर्जरीवर पुस्तक लिहिलं ते 1838 मध्ये, आणि पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक, बेकेलाइट, आलं 1907 मध्ये. सर्जरीच आधीची.

फेसकडे परत येऊ, कारण तिथे ही समजूत कुठपर्यंत चालते ते नीट बघता येतं. फेज म्हणजे लाटेतला टप्पा. तीन वायरींमध्ये विजेच्या तीन सारख्याच लाटा असतात पण त्या एकदम उठत नाहीत, एकीमागून एक उठतात, प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा एक तृतीयांश चक्राने म्हणजे 120 अंशाने मागे. 50 हर्ट्झच्या विजेत एक पूर्ण लाट 20 मिलिसेकंदांची, म्हणजे दुसरी लाट पहिलीच्या साधारण 6.7 मिलिसेकंद मागे आणि तिसरी आणखी तेवढीच मागे. लहान मुलं बागेतल्या गोल चक्राभोवती उभी राहून ते फिरवतात, एकाने ढकललं की पुढच्याने, मग त्याच्या पुढच्याने, तशा या लाटा मोटरला ओळीने ढकलत नेतात. 'फेस'मध्ये तीन तोंडं आहेत पण ही ओळ नाहीये, आणि मोटरच्या फिरण्याचं सगळं रहस्य त्या ओळीत आहे. तरी मोटर उलटी फिरायला लागली की फेस म्हणणारा वायरमन दोन वायरींची अदलाबदल करतो आणि ती सरळ फिरते. कुठल्याही दोन बदला, चालतं. शब्दात नसलेली गोष्ट त्याच्या हाताला माहीत आहे. पण नवीन शिकणाऱ्या पोराने विचारलं की दोनच का बदलायच्या, तिन्ही एकेक घर सरकवल्या तर का नाही, तर उत्तर फेसमधून निघत नाही, ओळीतून निघतं. तिन्ही सरकवल्या तर ओळ तीच राहते, मोटर उलटीच फिरत राहणार. तेव्हा तो शब्द बदलायची वेळ आली असं समजावं, त्याच्या आधी नाही.

हे सगळं मला सुचायला लागलं ते माझ्या मामांमुळे. मामांनी सगळं आयुष्य बांधकामावर काढलं, गवंडीकाम. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्ताच्या नळीत एक स्टेंट बसवला. मामा म्हणायचे स्टँड. "हृदयात स्टँड बसवलाय." आणि का नाही म्हणणार, नळी दबत होती, आतून आधार दिला, ती उभी राहिली. स्टेंट हा शब्द तर काहीच सांगत नाही, तो चार्ल्स स्टेंट नावाच्या एका इंग्लिश दातांच्या डॉक्टरच्या आडनावावरून आला असं मानतात, त्यांनी दातांचे ठसे घ्यायचं मिश्रण सुधारलं होतं. हृदयाचा त्यांच्याशी काय संबंध. स्टँड हा शब्द स्टेंटपेक्षा जास्त खरं बोलतो.

राउंडला डॉक्टर आले, मामा म्हणाले, "डॉक्टर, या स्टँडबद्दल विचारायचं होतं." डॉक्टर म्हणाले, "स्टँड नाही हो, स्टेंट. स्टेंट." अगदी शांतपणे म्हणाले, अपमान करायचा हेतू नव्हता, मी तिथेच उभी होते. मामा "हो हो" म्हणाले आणि गप्प बसले. काय विचारायचं होतं ते विचारलंच नाही. घरी आल्यावर मी विचारलं तेव्हा कळलं की त्यांचे तीन प्रश्न होते. स्टँड काढणार कधी? वजन किती उचलायचं? आणि स्टँड बसलाय तर गोळ्या कशाला?

एकेक प्रश्न बघा, किती विचार करून काढलेला आहे. स्लॅब ओतला की खाली टेकू लावतात आणि स्लॅब पक्का झाला की काढतात, म्हणून काढणार कधी. टेकूवर भार किती टाकायचा याचा हिशोब असतो, म्हणून वजन किती. टेकू लावल्यावर दुसरं काही करावं लागत नाही, म्हणून गोळ्या कशाला. माणूस आपल्या ज्ञानाच्या जोरावर बरोबर रस्त्याने चालला होता, फक्त रस्ता एका ठिकाणी चुकत होता आणि तेच ठिकाण जिवाशी गाठ घालणारं होतं. कारण दीड महिन्याने मला कळलं की मामा दोनातली एक गोळी दिवसाआड घेतायत. घरच्या कोणाला सांगितलं नव्हतं.

मी घाबरले. लगेच हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. डॉक्टरांना भेटायच्या आधी वजन-बीपी बघणाऱ्या सिस्टर होत्या, मध्यम वयाच्या, त्यांनी गोळ्यांची पाकिटं मोजली आणि त्यांच्या लक्षात आलं. रागावल्या नाहीत. विचारलं, "काका, गोळी का सोडली?" मामा म्हणाले, "स्टँड तर बसलाय ना." सिस्टरनी तो शब्द दुरुस्त केला नाही. त्यांनी विचारलं, "काका तुम्ही काय काम करायचात?" मामांनी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला मी काय सांगू, तुम्हीच मला सांगाल. हा स्टँड म्हणजे टेकू नाही, जाळी आहे. धातूची जाळी. भिंतीला जाळी मारल्यावर तशीच उघडी ठेवता का?"

मामा म्हणाले, "नाही. गिलावा करायला लागतो."

"तसंच. तुमच्या नळीच्या आतून त्या जाळीवर हळूहळू अस्तर चढतं, शरीर स्वतःच चढवतं, त्याला महिने लागतात. तोपर्यंत जाळी उघडी असते आणि रक्ताला ती परकी वाटते, रक्त तिथे गोठायला बघतं. गुठळी झाली की नळी एकदम बंद. ती गुठळी होऊ नये म्हणून या दोन गोळ्या. आणि जाळी गिलाव्याच्या आत गेली की कोणी काढतं का?"

"नाही काढत."

"मग तीही कायमची. गिलावा झाला की डॉक्टर एक गोळी कमी करतील, त्यांनी सांगितल्यावरच, आणि दुसरी चालूच राहील. वजनाचं मात्र डॉक्टरांनाच विचारा, आत्ता विचारा, विसरू नका."

मामांनी विचारलं. त्यांनी त्या दिवशी बरंच काही विचारलं. येताना गाडीत बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मला म्हणाले, "टेकू समजत होतो गं मी." शब्द अजूनही स्टँडच आहे, तो त्यांनी बदलला नाही आणि मीही बदलायला गेले नाही. गोळी त्यानंतर एकदाही चुकली नाही, पाकिटावर ते पेनाने तारीख घालतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या जुन्या साइटवरच्या एका सोबत्याची अँजिओप्लास्टी झाली. मामा त्यांच्याशी फोनवर बोलत होते, मी बाजूला भाजी निवडत होते. सुरुवातीला तब्येतीची चौकशी वगैरे झाली, मग आवाज जरा वाढला. "अरे दुखत नाही म्हणून काय झालं, आत जाळी उघडी आहे तुझी. गिलावा व्हायचाय अजून. गोळी घे गपचूप."